वाचक विचारतात : कोबाल्ट निघाला, पण बाकीचं कुठे गेलं?

मागच्या महिन्यात याच पानावर जुन्या बॅटऱ्यांमधून धातू परत काढण्याच्या कामाबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तर देते. पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की माझी सगळी नोकरी धातू काढण्याच्या कारखान्यांत गेली. आम्लात विरघळलेलं तांबं, निकेल, कोबाल्ट एकमेकांपासून सोडवायचं, हा आमचा धंदा. त्यामुळे बोलण्यात कारखान्याचे शब्द येणार, त्याला इलाज नाही.

ताई, माझं ई-स्कूटर आणि ई-रिक्षा दुरुस्तीचं गॅरेज आहे. बाद झालेले दोन पॅक, वजन जवळपास सारखं. भंगारवाला एकाला बरा भाव देतो, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. फसवतोय का? (एक वाचक, कराड)

फसवत नसावा. त्याला तुमच्याइतकंच, कदाचित जरा जास्तच, आतलं कळतं. चांगल्या स्थितीतल्या एका सेलवर मल्टिमीटर लावून बघा. 3.6 ते 3.7 व्होल्टच्या आसपास चालणारा असेल तर तो बहुधा एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला. 3.2 च्या आसपास असेल तर एलएफपी, म्हणजे लोखंड आणि फॉस्फेटवाला. भाव ठरतो तो सेलच्या धन बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर थापलेल्या काळ्या पुडीवर.

मोबाइलमध्ये पूर्वापार वापरतात त्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या पुडीत वजनाने 60 टक्के कोबाल्ट असतो. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी बहुतेक एकट्या काँगोतून येतो, म्हणून तो महाग आणि बेभरवशाचा. तिन्ही धातू समसमान असलेल्या जुन्या एनएमसीत कोबाल्ट 20 टक्क्यांच्या आसपास असायचा. नव्या 811 प्रकारात (निकेल आठ भाग, मँगनीज एक, कोबाल्ट एक) तो 6 टक्क्यांवर आलाय आणि निकेल 48 टक्क्यांवर गेलंय. एलएफपीत कोबाल्टही नाही, निकेलही नाही. किलोभर पुडीत 44 ग्रॅम लिथियम, बाकी लोखंड, फॉस्फरस आणि प्राणवायू. भंगारवाल्याला त्यात दिसतो तो फक्त ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा.

म्हणजे गंमत बघा : जी बॅटरी बनवताना कमी त्रासाची, ती मोडताना कुणालाच नको असते. 2022 च्या अखेरीस लिथियमचे भाव आभाळाला भिडले होते, तेव्हा एलएफपीलाही गिऱ्हाईक मिळायला लागलं होतं. भाव कोसळले तसं ते आटलं. तुमच्या शेडमध्ये कोपऱ्यात पडून राहणार तो हाच माल, आणि माझी काळजी त्याचीच आहे. पॅक ढिगाने रचू नका, बाहेर आलेली टोकं टेपने बंद करा आणि नोंदणीकृत रिसायकलरकडे दोन्ही प्रकारचे पॅक एकत्रच सौद्यात घाला. 'एनएमसी हवा असेल तर एलएफपीही उचला,' एवढं म्हणायची ताकद गॅरेजवाल्यांनी मिळून दाखवली तर ते घेतात.

भट्टीपेक्षा आम्लाची पद्धत स्वच्छ, असं आमच्या सेमिनारमध्ये सगळेच म्हणाले. हे खरं मानायचं का? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, जळगाव)

पत्रांतला हा सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार आहे.

भट्टी आधी बघू. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ होबोकेनला युमिकोर कंपनीचा कारखाना आहे. तिथल्या पद्धतीत बॅटऱ्या भट्टीत वितळवतात. तांबं, निकेल, कोबाल्ट यांचा मिश्रधातू तळाला बसतो. ग्रॅफाइट आणि प्लास्टिक जळून जातं, तेवढाच इंधनाला हातभार. ॲल्युमिनियम, मँगनीज आणि लिथियम मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या कचऱ्यात जातं, आणि त्या मळीतून लिथियम सोडवायचं तर वेगळा संसार मांडावा लागतो. भट्टीचा मोठा गुण म्हणजे ती खोड काढत बसत नाही. मिसळलेला, अर्धवट चार्ज असलेला मालही खाते. पण तापमान प्रचंड, आणि धूर धुणारा स्क्रबर चोख नसेल तर सगळं आकाशात.

आता आम्ल. बॅटरी डिस्चार्ज करायची, नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूत किंवा पाण्याखाली तिचे तुकडे करायचे, पोलाद, तांबं, ॲल्युमिनियम चाळून वेगळं काढायचं. खाली उरते ती काळी पूड, म्हणजे ब्लॅक मास. ती गरम सौम्य सल्फ्युरिक आम्लात घालायची आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायचं. पेरॉक्साइड कशाला, तर पुडीतला कोबाल्ट ज्या अवस्थेत असतो त्यात आम्लाला दाद देत नाही. पेरॉक्साइड त्याला खालच्या अवस्थेत आणतं आणि मग तो झटकन विरघळतो. ग्रॅफाइट गाळून काढायचं, पीएच वाढवत लोखंड आणि ॲल्युमिनियमचा चिखल पाडायचा. मग आमचं खरं काम : केरोसिनमध्ये सायनेक्स 272 सारखं द्रव्य मिसळून ते द्रावणाबरोबर घुसळायचं. कोबाल्ट केरोसिनच्या थरात चढतो, निकेल पाण्यात मागे राहतं. शेवटी लिथियम खाली पाडायचं, सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा घालून, आणि तेही उकळत्याच्या जवळ. कारण लिथियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, थंड पाण्यात जास्त. नवे ऑपरेटर इथे हमखास चक्रावतात.

ऐकायला सगळं नीटनेटकं आहे. आता वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब करा, तुम्हाला तो जमेल. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे 2 रेणू विरघळवायला सल्फ्युरिक आम्लाचे 3 रेणू लागतात. वजनात मांडलं तर 1 किलो पुडीला दीड किलो आम्ल, आणि हे फक्त कागदावरचं. प्रत्यक्षात वरखर्च येतोच. पुढे कोबाल्ट कॉस्टिक सोड्याने आणि लिथियम सोडा ॲशने खाली पाडलं की ते सगळं सल्फेट सोडियमला जाऊन चिकटतं. 1 किलो पुडीमागे 2 किलोंहून जास्त सोडियम सल्फेट! धातू 95 टक्क्यांवर परत मिळाला, असं शोधनिबंधात छापून येतं. या दोन किलोंचा उल्लेख त्याच निबंधात शोधून बघा, बहुतेक वेळा सापडत नाही.

सोडियम सल्फेट विषारी नाही. कपड्यांच्या पावडरीत जातं, काचेत जातं, कागद कारखान्यांत जातं. पण ते शुद्ध हवं, आणि इतकं कोण घेणार? गिऱ्हाईक नसेल तर ते खारं पाणी एक तर महागड्या बाष्पीभवनात जातं, नाही तर नाल्यात. शिवाय लिथियम कार्बोनेट गरम पाण्यातही थोडं विरघळलेलं राहतंच, म्हणजे या खाऱ्या पाण्याबरोबर थोडं लिथियमही हातचं जातं.

दुसरी गोष्ट फ्लोरीनची. सेलमधल्या द्रवात लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट नावाचं मीठ असतं. त्याला पाण्याचा ओलावा लागला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो त्वचेतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमवर घाला घालतो. जिथे हे काम चालतं तिथे प्रथमोपचाराच्या पेटीत कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आहे का, हे मी सगळ्यात आधी बघते. पेटीत नुसतं आयोडीन आणि कापूस दिसला, तर त्या कारखान्याच्या माहितीपत्रकातला 'हरित' शब्द मी वाचतही नाही.

तेव्हा भट्टी की आम्ल, असं मी विचारत नाही. तुकडे करताना निघणारी वाफ कुठे जाते, चिखल कुठे जातो आणि मीठ कुठे जातं, हे तीन नळ दाखवा म्हणते. धातू किती मिळाला ते मालक आपणहून सांगतोच.

या तीन नळांवर खरं काम कुठे होतंय तेही सांगते. एक, हवाबंद भट्टीत साधारण 650-700 अंशांवर ब्लॅक मास भाजायचा. त्यातलंच ग्रॅफाइट धातूंना खालच्या अवस्थेत आणतं आणि लिथियमचं कार्बोनेट होतं. मग ते साध्या पाण्याने धुऊन निघतं. पेरॉक्साइड वाचतं आणि लिथियम शेवटी मिळण्याऐवजी सगळ्यात आधी पदरात पडतं. मला स्वतःला ही वाट सगळ्यात शहाणी वाटते. दोन, सोडियम सल्फेटचं विजेच्या साहाय्याने, खास पडद्यांमधून, पुन्हा आम्ल आणि कॉस्टिक करायचं आणि दोन्ही परत टाकीत घालायचं. वीज बरीच लागते, तेव्हा ती कोळशावरची असेल तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तीन, पूड विरघळवायचीच नाही. तिच्यातून कमी झालेलं लिथियम परत भरून तीच वापरायची. लुगडं उसवून धागा-धागा सुटा करून पुन्हा विणण्यापेक्षा फाटलं तिथे रफू करून नेसावं, तसं. अमेरिकेत आरगॉन प्रयोगशाळेच्या पुढाकाराने 2019 पासून रीसेल नावाचं केंद्र यावर काम करतंय. अडचण अशी, की माल एकाच जातीचा आणि स्वच्छ हवा, आणि दहा वर्षांपूर्वीच्या जातीची पूड जशीच्या तशी परत मिळाली तरी आज ती हवी कुणाला? बॅटरी कारखान्यातल्या नव्या कोऱ्या कातरणीसाठी मात्र ही पद्धत उत्तम.

गावाबाहेर एका शेडमध्ये जुन्या इन्व्हर्टर-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या फोडतात. रात्री भट्टी पेटते, सकाळी पानांवर राखाडी थर असतो. आमची शाळा जवळच आहे. घाबरायला हवं का? (एक पालक, नाशिक जिल्हा)

हो. इथे मी मवाळ बोलणार नाही.

शिशाच्या बॅटरीचं रिसायकलिंग जगात सगळ्यात यशस्वी मानतात, कारण शिसं जवळपास सगळं परत येतं. आणि सगळ्यात घाणेरडं रिसायकलिंगही हेच. नीट चालणाऱ्या कारखान्यात बॅटरी बंद यंत्रात फुटते, आम्ल गोळा होतं, प्लास्टिक वेगळं होतं, प्लेटवरच्या लगद्यातलं गंधक सोड्याने काढतात आणि भट्टीच्या धुरावर कापडी पिशव्यांचे फिल्टर असतात. तुमच्या गावाबाहेर यातलं काही असेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. कुऱ्हाडीने फोडायचं, आम्ल मातीत ओतायचं आणि लगदा कोळशावर वितळवायचा. शिसं निघतंच, उरलेलं पानांवर.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे 80 कोटी मुलांच्या, रक्तात डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं आहे. त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली. कारण एकटी बॅटरी नाही, मसाल्यांतले रंग आहेत, भांडी आहेत, पण असल्या भट्ट्या मोठं कारण आहेत. लहान मुलाच्या मेंदूवर झालेला परिणाम औषधाने भरून निघत नाही.

करायचं काय : मुलांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, मोठ्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळा ती करतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, तारीख, वेळ आणि फोटोंसकट, आणि पोच घ्या. ग्रामसभेत ठराव मांडा. तोवर शाळेच्या अंगणात कोरडा झाडू बंद, पाणी मारून पुसायचं. मुलांनी खाण्याआधी साबणाने हात धुवायचे. जेवणात लोह आणि कॅल्शियम भरपूर असलं की शिसं अंगी कमी लागतं, म्हणून नाचणी, डाळी, पालेभाज्या वाढवा. पालेभाजी मात्र त्या शेडच्या वाऱ्याखालची नको. शेडमध्ये काम करणारेही बहुधा तुमच्याच गावचे असतील. त्यांना सांगा, कामाचे कपडे घरी आणून मुलांच्या कपड्यांत धुऊ नका.

लिंबाच्या रसाने किंवा संत्र्याच्या सालीने बॅटरीतला कोबाल्ट निघतो असा व्हिडिओ नातवाने दाखवला. घरी करून बघायचं म्हणतो. (एक आजी, ठाणे)

नातवाला आधी थांबवा, मग पुढचं वाचा. घरी लिथियमची बॅटरी उघडायची नाही. आग लागते, आणि वर सांगितलेला फ्लोराइडचा वायू स्वयंपाकघरात कोंडतो.

व्हिडिओत सांगितलेलं खोटं नाही. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात 2020 मध्ये मधवी श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी संत्र्याच्या सालींची वाळवून केलेली पूड आणि सायट्रिक आम्ल, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, वापरून जुन्या बॅटऱ्यांतला सुमारे 90 टक्के कोबाल्ट, लिथियम, निकेल, मँगनीज विरघळवून दाखवलं. सालीतली साखर तिथे पेरॉक्साइडचं काम करते. युक्ती छान आहे.

पण सायट्रिक आम्ल सल्फ्युरिकपेक्षा महाग, आणि ते धातूला इतकं घट्ट धरून ठेवतं की पुढे सोडवताना नाकी नऊ येतात. शिवाय उरलेल्या पाण्यात सेंद्रिय भार मोठा असतो, ते ईटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या यंत्रणेतून शुद्ध करायचा खर्च वेगळा. 'फळातून आलं म्हणजे निरुपद्रवी' असं रसायनशास्त्रात नसतं.

शिशाच्या बाबतीत मात्र लिंबूसत्त्वाचं चित्र बरंच आशादायक आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या आर. वसंत कुमार यांच्या गटाने बॅटरीच्या लगद्यातलं शिसं सायट्रेटच्या रूपात स्फटिक करून काढलं. ते बेताच्या आचेवर भाजलं की थेट शिशाचं ऑक्साइड मिळतं, म्हणजे नव्या प्लेटवर लिंपायचा माल. हजार अंशांची भट्टी आणि तिचा धूर, दोन्ही टळतात. नाशिकच्या पालकांना आलेला त्रास मुळात जातो तो अशा वाटेने.

फुगलेली मोबाइलची बॅटरी आणि ड्रॉवरभर जुने सेल. कचऱ्यात टाकायचे नाहीत, मग कुठे? (म्हापसा, गोवा)

फुगलेली टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. टोकांवर टेप लावा, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि लवकरात लवकर मोबाइलच्या दुकानात किंवा ई-कचरा केंद्रावर द्या. घड्याळ-रिमोटचे साधे सेल जस्त-मँगनीजचे असतात, ते आगीच्या दृष्टीने गरीब. पण तेही सुक्या कचऱ्यात मिसळू नका, वेगळी बरणी ठेवा. चपटी बटन सेल आधी मुलांच्या हातून दूर करा. गिळली तर ती अन्ननलिका जाळते, अशा वेळी थेट रुग्णालय गाठायचं.

मी अँटवर्पला असतो. युरोपचे बॅटरीचे नियम कडक आहेत. भारताचे कसे आहेत? (एक मराठी वाचक, बेल्जियम)

नियम आहेत, आणि वाईट नाहीत. 22 ऑगस्ट 2022 ला बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. 2001 चे जुने नियम फक्त शिशाच्या बॅटरीपुरते होते, नव्यांत सगळ्या प्रकारच्या आल्या. बॅटरी विकणाऱ्या उत्पादकावरच ती परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली. ई-वाहनांच्या बॅटरीतून 2024-25 मध्ये 70, पुढच्या वर्षी 80 आणि 2026-27 पासून 90 टक्के माल परत मिळवायचा. 2027-28 पासून नव्या बॅटरीत जुन्यातला मालही घालायचा, 5 टक्क्यांपासून सुरुवात.

माझी तक्रार त्या 90 टक्क्यांबद्दल आहे. ते मोजायचे बॅटरीच्या कोरड्या वजनावर, धातूनिहाय नाही. सेलच्या वजनात लिथियम जेमतेम एक-दोन टक्के. पोलाद, तांबं, ॲल्युमिनियम, ग्रॅफाइट, निकेल गोळा करून लिथियम सोडून दिलं तरी कागदावर आपण पास. युरोपच्या 2023 च्या नियमात प्रत्येक धातूचं नाव घेऊन आकडा आहे : 2027 अखेरपर्यंत कोबाल्ट, निकेल, तांबं आणि शिसं 90 टक्के, लिथियम 50 टक्के. 2031 अखेरपर्यंत 95 आणि 80. हीच रीत आपण उचलायला हवी. 2025 च्या अर्थसंकल्पात लिथियम बॅटरीच्या भंगारावरची आयात जकात माफ झाली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या रिसायकलिंगसाठी 1,500 कोटींची योजना मंजूर झाली. म्हणजे बाहेरचं भंगारही आता आपल्याकडे येणार. येऊ दे, पण त्या अनुदानाच्या अर्जात सोडियम सल्फेटचा एक रकाना असावा.

नववीच्या मुलांना यातलं काही वर्गात करून दाखवता येईल का? बॅटरी न उघडता. (विज्ञान शिक्षक, वेंगुर्ला)

येईल. कृषी सेवा केंद्रातून मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट आणा. काचेच्या ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा विरघळवा. चार-पाच लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासून आत टाका. खिळे जस्ताचा मुलामा नसलेले हवेत. थोड्याच वेळात खिळ्यांवर तांबूस थर चढेल आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत निळा रंग फिका पडेल. बॅटरीच्या द्रावणातलं तांबं लोखंडाच्या भुकटीने असंच काढता येतं. आम्ही त्याला सिमेंटेशन म्हणतो.

मग मुलांकडून धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट घालून घ्या. हिरवट चिखल बसेल, हवा लागली की तो तांबडा होतो. ते लोखंड. जुन्या सुती कापडातून गाळा, चिखल वाळवून कागदात बांधा. निळा रंग पुरता गेला नसेल तर पाणी ओतू नका, आणखी खिळे टाकून ठेवा, कारण मोरचूद माशांना फार वाईट आणि तुमचं गटार खाडीला मिळतं. हातमोजे घाला, आणि तो ग्लास पुन्हा पिण्याला वापरू नका.